तांड्यातले सारेच एक जूनचे

गुरुजी,

आज सकाळी बँकेचा मेसेज आला. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. त्यानंतर मोबाइल कंपनीचा, मग विम्याचा, मग गॅस एजन्सीचा. दुपारी नागपूरहून मुलीचा फोन. ती हसत म्हणाली, "बाबा, आज तुमचा सरकारी वाढदिवस ना?" मी हो म्हणालो. केळापूरच्या देवळामागच्या टपरीवर चहा प्यायला गेलो, तर तिथे माझ्या वयाची आणखी दोघं बसली होती. दोघांचेही मोबाइल सकाळपासून वाजत होते. आम्ही एकमेकांना शुभेच्छा दिल्या नाहीत. आमच्या वयाच्या लोकांत तशी पद्धत नाही. हा दिवस आम्हाला तुम्ही दिलात, आणि त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं इतकी वर्षं राहून गेलं.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी तुम्ही पांढरकवड्याहून सायकलवर तांड्यात आला होता. कडूनिंबाखाली टेबल, मागे खोडाला टांगलेलं कॅलेंडर, टेबलावर दाखलखारीज रजिस्टर, दौत, आणि आमच्या आयांची रांग. मी याडीचा पदर धरून उभा आहे. आमच्या बोलीत आई म्हणजे याडी, हे तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही वर्गात तो शब्द कधी चालू दिला नाही. तुम्ही मान वर न करता विचारता, "जन्मतारीख सांग बाई." याडी सांगते. होळी पेटली त्या रात्रीपासून इतक्या विसा अन् वर इतके दिवस. ती ठाम सांगते, जसं कोणी आपल्या घराचं दार सांगावं तसं. तुमचा टाक थांबतो.

"विसा-बिसा बैलबाजारात चालते, बाई. इथं तारीख लागते."

"मंग मोजा ना गुरुजी. ते कालेंडर टांगलं हाये न तुमच्या मांगं."

"तेवढंच काम आहे का मले? टाकतो एक जून. तांड्यातले सारेच एक जूनचे."

"साऱ्याइच्या माया एकाच दिशी बाळंत झाल्या का गुरुजी? अन् सुईण त मी एकटीच होतो बापा! कोनाच्या घरी आंधी पळालो असन?"

रांग हसली. तुम्हीही हसलात, चष्मा काढून डोळे पुसलेत. मग चष्मा घातलात आणि एक जून लिहिलंत. सालाबद्दल वाद नव्हता, साल तुम्ही बरोबर लिहिलं. दिवस तेवढा मोजायचा राहिला. त्या सालची होळी कधी होती ते शाळेतल्या जुन्या पंचांगात सापडलं असतं. वीस गुणिले अमुक, अधिक तमुक. चौथीतल्या पोराचं गणित. तुम्ही गणिताचे मास्तर.

याडीचा तो आकडा आज माझ्याजवळ नाही. मी सहा वर्षांचा होतो आणि माझं लक्ष तुमच्या दौतीकडे होतं. तो आकडा हरवला याचा दोष मी आयुष्यभर तुमच्या नावावर ठेवत आलो.

ती कशी मोजायची ते तुम्ही कधी पाहिलं नाही. तांड्यात कोणाला दिवस गेले की याडी तिच्या नावाची एक सुतळी खुंटीला टांगायची. वीस दिवस झाले की एक गाठ. वीसच्या आतले दिवस ती बोटांच्या पेरांवर धरायची. चौदा गाठी झाल्या की ती त्या घरी जाऊन बसायची, मग कोणी बोलवो न बोलवो. चौदा विसा म्हणजे दोनशे ऐंशी, हे मला फार पुढे कळलं, मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तोच आकडा सांगितला तेव्हा. आमच्या खुंट्यांवर एकावेळी चार-चार, पाच-पाच सुतळ्या असायच्या आणि कोणती कोणाची हे तिला अंधारातही कळायचं. सगळ्या तांड्याचे जन्म तिच्या डोक्यात होते, होळीपासून मोजलेले. ती दरवर्षी माझ्या दिवशी गुळाची लापशी करायची. मला फक्त एवढं माहीत होतं की उन्हाळ्यात एक दिवस लापशी असते.

तिसरीत तुम्ही पाढे विचारत होता. माझ्यापर्यंत पंचवीस दुणे आलं. पंचवीस म्हणजे एक विसी आणि पाच, अशा दोन, म्हणजे दोन विसा आणि दहा. मी डोक्यात ते घरच्यासारखं केलं आणि ओरडून सांगितलं, "अडीच विसा!" वर्गात पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या वस्तीतलीही मुलं होती. आधी ती हसली. मग आमची हसली. तुम्ही फूटपट्टी टेबलावर ठेवलीत, मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "अबे, तुझे बापजादे बैलांवर मीठ लादून फिरत होते, ते ठीक. तू काय बैल मोजून राह्यला का इथं? पन्नास म्हण. शंभरदा म्हण." मी शंभरदा पन्नास म्हणालो. तुम्ही खिडकीपाशी उभे राहून मोजत होता. नव्वदच्या पुढे माझा आवाज फुटेना, तर तुम्ही म्हणालात, "किती विसा झाल्या, सांग आता." वर्ग पुन्हा हसला. सातवीपर्यंत मला कोणी नावाने हाक मारली नाही. अडीच विसा, इकडे ये. अडीच विसा, डबा उघड.

आणि तुम्ही चांगले मास्तर होता, हे मला नाकारता येत नाही. हेच सगळ्यात जास्त टोचतं. चौथीच्या शिष्यवृत्तीला तुम्ही तांड्यातून मला एकट्याला बसवलं. रोज शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ ही चढण तुम्ही माझ्याकडून इतकी घोटून घेतलीत की मी ते आकडे झोपेतही चुकलो नसतो. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही पिशवीतून एक जुनी अंकलिपी काढून दिलीत. मागची पानं सुटी झाली होती, ती तुम्ही दोऱ्याने शिवली होती. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी आणि सगळ्यात शेवटी औटकी. "औट म्हणजे साडेतीन," तुम्ही म्हणालात. "हे आता पुस्तकात नाही. माझ्या आजोबांनी मला शिकवलं. आता कोणाले येत नाही." तुम्ही औटकी म्हणून दाखवलीत, डोळे मिटून. एक औट औट, बे औटे सात. तुमच्या आजोबांचं ते ज्ञान होतं. माझ्या याडीचे ते बैल होते.

मी घरी जाऊन याडीला औटकी म्हणून दाखवली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "चांगलं आहे. अर्ध्यावर थांबून मोजायचं." मला तेव्हा राग आला. तिला काय कळतं, असं वाटलं.

पुढे मी मराठी घेऊन शिकलो, एम. ए. झालो, आणि वणीत एका कोळशाच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकांचे नंबर लिहीत बसलो. तेव्हा कापसाची ती वर्षं सुरू झाली होती. तुम्ही निवृत्त झाला होता, पेपर वाचत असाल. त्या वर्षांत आम्हाला मोजायला फार लोक आले. वर्तमानपत्रांची माणसं आली, अधिकारी आले, बाहेरदेशचेही आले. माझा चुलतभाऊ, माझ्याच दिवशी शाळेत नाव घातलेला, तुमच्याच वर्गातला, फवारणीचं औषध प्याला. पंचनाम्याला आलेल्या बाबूने वय विचारलं. घरच्यांनी शाळेचा दाखला दाखवला. याडी तिथे होती. ती म्हणाली, "मीच काढला याले. दिवस सांगतो न मी." बाबू म्हणाला, "दाखल्यावर आहे, मावशी." त्याने एक जून लिहिलं. मृत्यूच्या रकान्यात मात्र तारीख, वार, वेळ सगळं नेमकं लिहिलं. तो कागद मी हातात धरून पाहिला. आमच्या माणसांचं मरण तेवढं बरोबर लिहिलं जातं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि मी पासपोर्टचा अर्ज भरला. त्यावरही एक जून.

आखातातल्या एका बंदरावर शीतगृहात मला काम मिळालं. डेन्मार्कहून लोणी आणि चीज यायचं. माल उतरवून घेताना त्यांचा एक तपासनीस उभा असायचा, उंच, लालबुंद, सतत घाम पुसणारा. आमच्या बाजूने भांडाराचा म्हातारा अरब. दोघांनाही कामापुरतं इंग्रजी येत होतं. पण माणूस कुठलीही भाषा बोलो, मोजतो आपल्याच भाषेत. एक डॅनिशमध्ये पुटपुटत मोजायचा, दुसरा अरबीत. उतरलेल्या मालाच्या कागदावर प्रत्येक आकडा अक्षरी लिहायचा असे, एका रकान्यात अरबी, दुसऱ्यात डॅनिश, म्हणजे मागून कोणी खाडाखोड करू नये. ते लिहिणारा मी. आधीचा माणूस कंटाळून गेला होता. मी सहा महिन्यांत दोन्ही भाषांचे एक ते शंभर पाठ केले, तुम्ही लावलेल्या सवयीने, भिंतीकडे तोंड करून.

सोपं होतं, कारण दोघेही आपल्यासारखेच उलटे बोलतात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, तेही म्हणतात. अरब म्हणतो खमसा व इशरीन, पाच आणि वीस. डॅनिश म्हणतो फेम ओ त्यूवे, पाच आणि वीस. मी एकाचं ऐकायचो, मनात मराठी करायचो, दुसऱ्याचं लिहायचो. फक्त पन्नासच्या पुढचे डॅनिश आकडे विचित्र होते. पन्नास म्हणजे हॅलट्रेस, सत्तर म्हणजे हॅलफ्येर्स. त्यांत पाचही ऐकू येत नाही, सातही नाही. मी ते नुसते घोकले. का, हे विचारलं नाही. का विचारायचं नसतं, हे मला शाळेतच कळलं होतं.

एका सकाळी तपासनिसाचा वाढदिवस होता. त्याच्या लोकांनी केक आणला, वर वय अक्षरांत लिहिलेलं. अरबाने मला कोपर मारून विचारलं, "काय लिहिलंय?" मी वाचलं, नी ओ हॅलट्रेस. नऊ आणि पन्नास. मनात लगेच एकोणसाठ आलं. त्यातला साठ कानात राहिला आणि तोंडातून अरबी बाहेर पडलं, नऊ आणि साठ. तिसआ व सित्तीन.

अरबाने तपासनिसाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एकोणसत्तर? माशाल्ला! अजून खोकी उचलतो? याला काय खायला घालतात तिकडे?" त्याने जाऊन तपासनिसाचा दंड दाबून पाहिला. तो माणूस गोंधळला. कळलं तेव्हा मोठ्याने हसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यानं मला दहा वर्षांनी म्हातारा केला!" मी माफी मागितली. सांगितलं की तुमचा पन्नास मला कळत नाही, नुसता पाठ आहे. मग त्याने मार्कर घेतला आणि रिकाम्या खोक्यावर लिहून दाखवलं. तीन वेळा वीस म्हणजे साठ. तिसरा वीस अर्धाच घेतला तर? दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, गुणिले वीस. तो म्हणाला, "हे आता आमच्याकडेही कोणाला माहीत नसतं. माझे आजोबा सांगायचे."

मी खोक्याकडे पाहत उभा राहिलो. अडीच विसा. तिथे ते लिहिलेलं होतं, गुरुजी, लोण्याच्या खोक्यावर. एक अख्खा देश पन्नासला अडीच विसा म्हणतो, त्यांच्या शाळेत म्हणतो, बँकेत म्हणतो, केकवर लिहितो. मी विचारलं, आणि सत्तर? त्याने लिहिलं. तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, गुणिले वीस. साडेतीन गुणिले वीस. मला पहिल्यांदा कळलं की हे औट आहे. औट विसा. तुमचं औट आणि याडीची विसी, दोन्ही एकाच शब्दात, शेजारी शेजारी. तुमच्या आजोबांचं अर्धं आणि माझ्या याडीचं अर्धं. कडूनिंबाखाली टेबलाच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं उभे होता आणि तुमच्या दोघांत मिळून एक पूर्ण आकडा होता. तिने तुमची औटकी ऐकून घेतली. तुम्ही तिचा आकडा ऐकला नाही.

तेव्हा मला तुमचा जो राग आला तो आजही तसाच आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात, माझा निवला नाही. तुम्ही दुष्ट असता तर मी विसरून गेलो असतो. तुम्हाला येत होतं. अर्ध्यावर थांबून मोजणं काय असतं ते तांड्याच्या चाळीस कोसांत तुम्हालाच येत होतं. तुमच्याजवळ टाक होता, कॅलेंडर होतं, पंचांग होतं. एका बाईने बरोबर आकडा सांगितला होता आणि तो फक्त दुसऱ्या भाषेत लिहायचा होता. मी तेच काम पुढे अकरा वर्षं केलं, दिवसाला तीनशे वेळा, परक्यांच्या लोण्यासाठी. तुम्हाला ते एकदा करायचं होतं.

केक खाताना अरबाने मला विचारलं, "तुझा जन्म कधीचा?" मी सांगितलं, एक जून. त्याने मान हलवली. "कागदवाले सगळे पहिल्या तारखेचे. माझी रजब महिन्याची पहिली. माझ्या भावांचीही. कारकुनाने लिहिलं." त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. डॅनिश माणूस मात्र खाता खाता थांबला. त्याला स्वतःच्या जन्माची वेळही मिनिटापर्यंत ठाऊक होती. "म्हणजे तुला खरा दिवस माहीतच नाही?" मी म्हणालो, माझ्या आईला माहीत आहे. तो म्हणाला, "मग तिला विचार की."

तोवर तुम्ही वारला होता. मी गावी आलो तेव्हा तुमच्या घराला दुसऱ्या कोणाची पाटी होती. त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. वहीतच राहील. तसंही, ते कोणाच्या हाती पडावं अशी माझी हिंमत नाही, कारण अजून एक गोष्ट लिहायची आहे आणि ती तुमच्याबद्दल नाही.

मी त्याच आठवड्यात तांड्यात फोन लावला. चुलत्याच्या घरी मोबाइल होता. शुक्रवार, सुट्टी, बंदरावरच्या टेलिफोनच्या दुकानात रांग होती. माझ्या मागे आपल्याच जिल्ह्यातली दोघं उभी होती, पुसदकडची, तांड्याबाहेरची. आमची बोली त्यांना अर्धी कळायची आणि विसा हा शब्द तर पूर्ण कळला असता. याडी फोनवर आली. तिला फोनवर ओरडून बोलायची सवय, तिचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर येत होता. पाऊस कसा, गुडघे कसे, हे झालं. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तुझा दिवस होऊन गेला. लापशी केली. कोणी खायला नाही, लेकरांना वाटली." माझ्या खिशात पेन होता. हातात कागद होता, त्याच्या मागच्या बाजूला जागा होती. ती पुढे म्हणाली, "विसरू नको हां, होळीपासून…" आणि मागचा एकजण हसला. कशाला हसला ते मला माहीत नाही. बहुधा त्याच्या सोबत्याला काहीतरी म्हणाला असेल.

मी म्हणालो, "याडी, आवाज येत नाही, लाइन खराब आहे," आणि फोन ठेवला. पुढच्या होळीच्या आधी ती गेली.

लाइन चांगली होती.